हेडमास्तर लोकांचं खरं ऑफिस : खानापूर तालुक्यातल्या एका झेरॉक्स-ऑनलाईन सेंटरचा रिव्ह्यू

पहिलंच सांगून टाकतो, पाचपैकी चार स्टार. पाचवा का कापला ते खाली येईलच, आणि हे सगळं मी त्या पाचव्यासाठीच लिहायलोय, त्यामुळं निम्म्यात सोडू नका.

दुकानाचं नाव देत नाही, गावसुद्धा नुसतं खानापूर तालुका, कर्नाटकातला बेळगाव जिल्हा, एवढंच समजा. असलं एक सेंटर आपल्याकडं सगळीकडं असतंयच, चिकोडी घ्या, निपाणी घ्या, हुक्केरी घ्या, झेरॉक्स, ऑनलाईन अर्ज, पासपोर्ट फोटो, लॅमिनेशन सगळं एका गाळ्यात. पाटी नियमाप्रमाणं साठ टक्के कन्नड आणि खाली उरलेल्या जागेत बारीक मराठी. आत दोन कॉम्प्युटर, एक कलर प्रिंटर, एक जुनं दणकट झेरॉक्स मशीन, इन्व्हर्टर, बाहेर पत्र्याखाली लोखंडी बाक. चालवणाऱ्या बाईंना सगळे अक्का म्हणतात, मदतीला त्यांचा भाऊ. अक्का मराठी, कन्नड दोन्ही लिहितात-वाचतात आणि टायपिंग दोन्हीत फास्ट, हा पहिला मुद्दा आणि आमच्यासारख्यांना निम्मे मार्क तिथंच.

आता एका मास्तरला झेरॉक्स दुकानाचा एवढा मोठा रिव्ह्यू लिहायची काय गरज पडली असं कुणी म्हणेल. तर आमची शाळा जांबोटीच्या पुढं, मराठी कनिष्ठ प्राथमिक, पहिली ते पाचवी, पट साठच्या आत. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, हिशोबानं साठ पोरांपर्यंत दोन शिक्षक, आणि वेगळा हेडमास्तर पाहिजे तर पट दीडशेच्या वर जायला पाहिजे. म्हणजे आमच्याकडं मी शिक्षक आणि मीच इनचार्ज हेडमास्तर, दुसऱ्या बाई, संपला स्टाफ. क्लार्क नाही, शिपाई नाही. मी कागद घेऊन तालुक्याला गेलो की त्या दिवशी बाईंच्याकडं पाचही इयत्ता, पहिली ते तिसरी एका खोलीत आणि चौथी-पाचवी व्हरांड्यात, त्यात मधे स्वयंपाकाच्या मावशी येऊन विचारणार बाई आज किती पानं. त्यामुळं एखादं सेंटर चांगलं का वाईट हे मी रेटवर ठरवत नाही, तिथनं मी किती लवकर सुटून शाळेला पोचतो ह्यावर ठरवतो. ह्या मापात अक्काचं दुकान तालुक्यात एक नंबर.

काम काय काय असतंय ते शाळेबाहेरच्या माणसाला सांगितलं तर खोटं वाटतं. सॅट्सवर, म्हणजे राज्याच्या विद्यार्थी-नोंदीच्या पोर्टलवर, पोरांची माहिती. यूडायस प्लस ह्या केंद्राच्या पोर्टलवर परत तीच माहिती, ते २०२२-२३ पासून एकेका पोराचं वेगळं भरायला लागलं, आधी नुसते आकडे दिले की व्हायचं. मग अपार आयडी, म्हणजे पोराचा देशभर चालणारा शैक्षणिक ओळख नंबर, त्याला आधार जुळलं पाहिजे आणि पालकांचं संमतीपत्र पाहिजे. एसएसपी ह्या राज्याच्या पोर्टलवर स्कॉलरशिप. अक्षर दासोहचा, म्हणजे दुपारच्या जेवणाचा, रोजचा हिशोब, तांदूळ किती, तेल किती, जेवली किती, क्षीरभाग्यचं दूध, रागी माल्ट. एसडीएमसीच्या, म्हणजे शाळेच्या पालक समितीच्या, मीटिंगचं प्रोसिडिंग. आणि ह्या सगळ्याचं सर्क्युलर येणार व्हॉट्सॲपवर, कन्नडमध्ये, वर ‘तुर्तु’ लिहिलेलं, म्हणजे आजच्या आज. दुपारी तीनला आलेलं सर्क्युलर पाचपर्यंत माहिती मागतंय आणि आमच्या शाळेत रेंज कुठं तर गावाच्या वर देवळाच्या कट्ट्यावर, ती पण ढग नसतील तर.

त्यात ते नुडीचं लफडं. ऑफिसातनं येणारे बरेच तक्ते नुडी ह्या जुन्या कन्नड फॉन्टात टाईप केलेले, मोबाईलवर उघडले की नुसती चिन्हं न् फुल्या, एक अक्षर लागत नाही. मला कन्नड वाचता येतं, नोकरीच इथली, खरं फाईलच वाचण्यासारखी नसेल तर काय करणार. अक्काकडं नुडी आहे, ती फाईल उघडते, युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मोबाईलवर वाचता येईल असं, करून परत माझ्या मोबाईलला पाठवते आणि त्याचे पैसे घेत नाही. एसडीएमसीच्या लोकांना वाचून दाखवायला मराठीत दोन ओळी पाहिजे असतील तर त्या पण बसल्या बसल्या टाईप करून देते. ही सर्व्हिस दुसऱ्या कुठल्या सेंटरात मिळाली तर मला कळवा, मी तिथला पण रिव्ह्यू लिहीन.

एक गोष्ट जवळनं बघितलेली सांगतो, त्यावरनं अक्का काय दर्जाच्या आहेत ते कळेल. आधार आणि शाळेचं रेकॉर्ड जुळत नाही हा आपल्याकडचा मोठा रोग. नाव मराठी, जन्मदाखल्यावर कन्नडमध्ये लिहिलं, आधारवाल्यानं इंग्लिशमध्ये टाकलं, आडनाव कुठं पुढं कुठं मागं, बापाच्या नावाला कुठं एक अक्षर जास्त. एवढ्याशासाठी अपार फेल. बाकीच्या सेंटरात काय करतात, सरळ सबमिट मारतात, फेल झालं की ‘सर होईना ओ’ म्हणून पैसे घेऊन मोकळे. अक्का काय करते तर दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून त्यावर एक लाकडी फूटपट्टी आडवी धरते आणि एकेक अक्षर बोट ठेवून वाचते, मी समोर बसून हं हं म्हणायचं. जिथं फरक दिसला तिथं पेन्सिलनं गोल. मग सांगते, सर हे आधारमध्ये बदलायला पाहिजे, हे तुमच्याकडं सॅट्समध्ये बदलतंय, ह्याला जन्मदाखलाच चुकीचा आहे, आधी ग्रामपंचायतीला पाठवा. पालकाची खेप वाचली. आमच्या तिकडचे निम्मे बाप गोव्यात कामाला, गणपतीला न् शिमग्याला घरी येणार, त्यातली एक खेप फुकट गेली म्हणजे पोराची वर्षभराची स्कॉलरशिप लटकली असं समजा. आणि बँकेचं पण तेच, खात्याला आधार लिंक आहे म्हणून पालक छातीठोक सांगतात खरं एनपीसीआयचं मॅपिंग, म्हणजे सरकारी पैसे आधारवरनं कुठल्या खात्यात टाकायचे त्याची नोंद, नसतंय, पैसे येत नाहीत, शिव्या मात्र मास्तरला. अक्का आधी मॅपिंग बघते, मगच फॉर्म भरते.

रेट सांगायचे तर साधी झेरॉक्स २ रुपये, कलर १०, ऑनलाईन अर्ज ५०, शाळेच्या कामाला त्यातनं पण कमी करते. मुख्य म्हणजे पक्कं बिल देते. आमच्यासारख्या पटाच्या शाळेला समग्र शिक्षा योजनेची ग्रँट वर्षाला २५ हजार, त्यात खडू-फळा, दुरुस्ती, फिनेल-झाडू सगळं बसवायचं आणि ऑडिटला एकेका रुपयाचं बिल दाखवायचं. हातानं लिहिलेल्या चिटोऱ्यावर ऑडिटवाले काय म्हणतात ते ज्यानं ऐकलंय त्यालाच माहीत. आणि ग्रँटसुद्धा निम्मं वर्ष गेल्यावर येते, तोपर्यंत खिशातनं. अंड्याचं तेच, सप्टेंबर २०२४ पासून अझीम प्रेमजी फाउंडेशनच्या मदतीनं आठवड्याचे सहाही दिवस अंडं मिळायलंय, पोरं खूष, हजेरीला पण चांगलं, मी ह्या योजनेच्या बाजूचा माणूस आहे, खरं अंड्यामागं मिळणार ६ रुपये, त्यात अंडं, गॅस, सोलायची मजुरी सगळं आलं आणि थंडीत बाजारात नुसतं अंडंच ६ च्या वर जातं. वरचा फरक कोण घालतो ते विचारू नका. जंगलाकडच्या गावाला अंडी फुटून येतात ती वेगळी.

असो. दुकानाकडं येतो. बाहेरच्या बाकाचा वेगळा रिव्ह्यू लिहायला पाहिजे इतका तो बाक कामाचा आहे. सर्व्हर डाऊन असतोच, तेवढ्या वेळात तिथं अख्ख्या तालुक्याचं शिक्षण खातं येऊन बसतं. ट्रेनिंगमध्ये जे कुणी उघड बोलत नाही ते इथं बोलतात. एकदा शेजारी एका अनुदानित मराठी हायस्कूलचे हेडमास्तर बसलेले. त्यांचं म्हणणं, २०२४ पासून एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या, परीक्षेला वर्गात कॅमेरे आले, वेबकास्टिंग सुरू झालं, राज्याचा निकाल ८३.८९ टक्क्यांवरनं एका वर्षात ७३.४० वर आला, आणि तो पण जादाचे ग्रेस मार्क देऊन. कॅमेऱ्याला त्यांचा विरोध नाही, उलट बरं झालं म्हणतात, पोरगं खरंच कुठं आहे ते तरी दिसलं. खरं निकाल पडला की नोटीस हेडमास्तरला आणि रिटायर झालेल्या गणिताच्या मास्तरांची जागा भरली नाही ह्याची नोटीस कुणाला? त्या जागेवर अतिथी शिक्षक. २०२५-२६ च्या बजेटात अतिथी शिक्षकांचं मानधन २ हजारांनी वाढलं, चांगलंच झालं, तरीपण तेवढ्या पैशात मराठीतनं गणित-विज्ञान शिकवणारा पोरगा किती दिवस टिकणार, बेळगावात उद्यमबागला गेला तर त्याला जास्त मिळतात. वर वर्षाला एकापेक्षा जास्त परीक्षा, नापास पोरांना संधी मिळते हे मान्य, मास्तरांचा मे-जून मात्र त्यातच जातो.

दुसऱ्या बाजूला एक खाजगी इंग्लिश मीडियमच्या प्रिन्सिपल मॅडम, त्यांना वाटतं सरकारी शाळेवाल्यांना काय काम असतंय. त्यांच्याकडं शाळेचं ॲप आहे, हजेरी, फी, होमवर्क सगळं त्यात, दर पोरामागं वर्षाला पैसे. कंपनीचा माणूस ते दाखवायला आमच्याकडं पण आलेला, टाय बांधून, चिखलातनं. ॲप दिसायला छान, खरं सगळं इंग्लिशमध्ये, आणि सरकारी पोर्टलशी काही जोडलेलं नाही, म्हणजे ह्यात भरून परत सॅट्सवर भरा न् परत यूडायसवर भरा. तिसऱ्यांदा तेच भरायला वर आपणच पैसे द्यायचे. मॅडमचं दुखणं निराळं आहे, रात्री अकराला पालकांच्या ग्रुपवर मेसेज, माझ्या पोराला अर्धा मार्क का कापला, आणि चांगली टीचर वर्षभरात सोडून बेंगळूर-पुण्याला. ते ऐकून मला आमचा चिखलच बरा वाटला.

सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये तर ह्या दुकानाला जत्रेचं रूप आलेलं. २२ सप्टेंबरला राज्याचा तो सामाजिक-शैक्षणिक सर्व्हे सुरू झाला, ६० प्रश्न, घरोघर जायचं ते मास्तरांनी, ॲपवर भरायचं. ॲप उघडेना, लोकेशन भलतीकडं दाखवायचं, कुणाला घर पश्चिमेकडच्या जंगलातलं तर कुणाला दुसऱ्याच गल्लीतलं. बरेच शिक्षक अक्काच्या वायफायला मोबाईल लावून दुकानाबाहेर उभे. काम संपेना म्हणून दसऱ्याची सुट्टी सरकारी शाळांना १८ ऑक्टोबरपर्यंत वाढवली. सर्व्हे व्हावा का नको ह्या भानगडीत मी पडत नाही. आरटीईच्या २७ व्या कलमात लिहिलंय, शिक्षकाला बाहेरचं काम लावायचं तर दहा वर्षांची जनगणना, आपत्ती आणि निवडणूक, एवढंच. आता २०२७ ची जनगणना आहे, ती कायद्यात बसते, करू. खरं तोवर बीएलओचं, म्हणजे मतदार यादीचं, काम आहे, आणि सुट्टीनंतर तिसरीतलं पोरगं जोडाक्षर विसरून येतंय त्याला कलम कुठलं लावायचं?

त्याच सुमारास टीईटीचं, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचं, आलं. सुप्रीम कोर्टानं १ सप्टेंबर २०२५ ला निकाल दिला की ज्यांची नोकरी पाच वर्षांपेक्षा जास्त उरलीय त्यांनी दोन वर्षांत टीईटी पास व्हायचं, आणि ज्यांची कमी उरलीय ते राहतील पण टीईटीशिवाय प्रमोशन नाही. मग पन्नाशीतले गुरुजी फॉर्म भरायला ह्याच बाकावर. फोटो एवढ्या केबीत, सही तेवढ्या केबीत. एका गुरुजींची सही एवढी लांबलचक की त्या चौकटीत बसेना, अक्का म्हणाली गुरुजी आखूड करा की ओ जरा, ते म्हणाले पगारपत्रकावर पहिल्यापासून हीच सही आहे, आता ह्या वयात कोण बदलणार, सगळे हसले, मग अक्कानं स्कॅन करून बारीक करून बसवली. परीक्षेचं मला वाईट वाटत नाही, मास्तरनं अभ्यास करावा, करायलाच पाहिजे. वाईट एवढंच वाटतं की बाकावर बसलेल्या त्या माणसांच्या तोंडी वर्षभरात पहिल्यांदा मुलांचं मानसशास्त्र, वाचन कसं शिकवायचं असले शब्द आले, आणि ते पण प्रश्नपत्रिकेत येतात म्हणून.

आता ह्या दुकानातनं मला खरं काय मिळालं ते सांगतो, हे माझ्या दृष्टीनं सगळ्यात वरचं. वाचनकार्ड. आमच्याकडची पोरं घरी मराठी बोलतात, काही घरात कोकणी, धनगरवाड्यावरच्या पोरांची बोली आणखी वेगळी. पहिलीतच मराठी अक्षरं, कन्नड अक्षरं आणि इंग्लिश एबीसी, तीन लिप्या एकदम. कन्नड यायलाच पाहिजे ह्या मताचा मी आहे, इथं राहायचं तर बस, दवाखाना, तहशीलदार ऑफिस सगळं त्याच्यावर चालतंय, खरं कुठली तरी एक लिपी आधी पक्की झाल्याशिवाय दुसरी बसत नाही हे वर्गात उभं राहिलेल्या कुणालाही विचारा. केंद्राच्या निपुण भारत योजनेचं टार्गेट आहे २०२६-२७, तिसरीपर्यंत प्रत्येक पोराला समजून वाचता आलं पाहिजे. हेडमास्तरचं पहिलं काम कुठलं असं मला विचाराल तर हे एकच, बाकी सगळं ह्याच्या मागं.

तर मी घरी बसून छोटी छोटी वाक्यं लिहिली, आमच्या गावचीच, मलप्रभा, कणकुंबीची जत्रा, काजू, फणस, अस्वल, वस्तीची एसटी. पुस्तकातलं वाक्य पोरगं पाठ म्हणतं, गावचं वाक्य मात्र त्याला वाचावंच लागतं. अक्काला म्हटलं ह्याची कार्डं पाहिजेत. तिनं फॉन्ट मोठा केला, मग स्वतःच म्हणाली सर ओळीत अंतर वाढवूया, वरची वेलांटी न् खालचा उकार एकमेकांत अडकतात, बारक्या पोरांना कळायचं नाही. मराठी पिवळ्या कागदावर, कन्नड हिरव्या, म्हणजे ढीग मिसळला तरी पोरंच वेगळा करतात. लॅमिनेशन झाल्यावर कोपरे टोकदार राहिलेले, ते तिनं कात्रीनं एकेक गोल कापले, का म्हणून विचारलं तर म्हणे पोरं हातातनं ओढणार, डोळ्याला लागायचं. हे कुठल्या ट्रेनिंगमध्ये कुणी मला सांगितलं नव्हतं. कार्डं पावसाळ्यातनं गेली, आमच्याकडचा पाऊस म्हणजे जुलैत आठवडाच्या आठवडा शाळेला सुट्टी जाहीर होते, भिंतीला पाणी पाझरतंय, तक्ते कुजले, कार्डं जशीच्या तशी. बाई एका कोपऱ्यात दोघा-दोघांना कार्डं देऊन बसवतात आणि दुसरीकडं शिकवतात, एका शिक्षकावर पाच वर्ग असताना एवढं पण लई झालं.

तक्रारी पण आहेत, नुसतं कौतुक नको. भावाला मराठी टायपिंग जमत नाही, तो काउंटरला असेल तर मराठी काम देऊ नका, जोडाक्षरं फुटतात, रफार भलत्या अक्षरावर जाऊन बसतो, मग पालक सभेची नोटीस वाचून पालक हसणार. गाडी लावायला जागा नाही. दुपारी एक ते अडीच शटर अर्धं खाली, आणि नेमकं त्याच वेळात आम्ही येणार कारण जेवणाच्या सुट्टीत निघालेलो असतो. कलर प्रिंटरचा निळा रंग सारखा संपतो, मग अस्वल जांभळं येतं.

आणि आता पाचवा स्टार.

अक्काच्या कॉम्प्युटरवर समोरच शाळांच्या नावाचे फोल्डर आहेत, ओळीनं. उघडला की त्यात पोरांची आधार कार्डं, जातीचे दाखले, आईच्या बँक पासबुकाचं पहिलं पान, बापाचा मोबाईल नंबर, फोटो. काम झाल्यावर ते पुसले जात नाहीत, कारण सर पुढच्या महिन्यात परत तेच मागणार हे अक्काला माहीत. आणि ड्रॉवरमध्ये एक निळ्या कव्हरची वही, त्यात शाळांचे लॉगिन न् पासवर्ड. दिवसा सर्व्हर चालत नाही म्हणून हेडमास्तर लोक पासवर्ड देऊन जातात, अक्का रात्री भरते, ओटीपी आला की फोनवर विचारते. म्हणजे काम होतंय, पोरांचे तास वाचतात, आणि मी वर ज्या स्पीडचं कौतुक केलं त्यातला निम्मा स्पीड ह्या वहीतनंच येतो, हे पण लिहायला पाहिजे. खरं त्याच कॉम्प्युटरला कुणीही पोरगा येऊन पेन ड्राईव्ह लावतो, लग्नाच्या पत्रिकेची डिझाईन कॉपी करतो, अक्का तेवढ्यात लॅमिनेशनला उठलेली असते. २०२३ चा डिजिटल पर्सनल डेटाचा कायदा म्हणतो अठरा वर्षांखालच्या पोराची माहिती वापरायची तर पालकाची संमती घ्या. इथं पालकाला पत्ताच नाही की आपल्या पोरीचं आधार कुठल्या दुकानात पडून आहे.

मी अक्काला हे बोललो. ती रागावली नाही, म्हणाली, ‘सर, तुमचा पासवर्ड तुम्ही बदला की, मी नको म्हटलंय काय? मी वही मागितलेली नाही कुणाला, सगळे सरच लिहून ठेवून जातात. उद्या मी नाही करणार म्हटलं तर कुठं जाणार तुम्ही लोक?’ तिचं बोलणं मला पटलं, म्हणून एकच स्टार कापला. कायद्यानं ती जबाबदार असेल नसेल, वकील सांगतील. मला दिसतंय ते असं की खात्यानं क्लार्कचं काम दिलं आणि क्लार्क दिला नाही, मग ते काम आपोआप बाजारात गेलं, आणि कामाबरोबर पोरांचे कागद पण गेले. हेडमास्तरांना लीडरशिप ट्रेनिंग देतात, त्यात फ्लिपचार्ट, ग्रुपवर्क, व्हिजन लिहा, मिशन लिहा. मी लिहिलं होतं, एका क्लस्टरला, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटाला, एक डेटा ऑपरेटर द्या, क्लस्टर बघणाऱ्या सीआरपीच्या ऑफिसात बसू दे, सरकारी कॉम्प्युटरवर, आठवड्यातला एक दिवस प्रत्येक शाळेचा ठरवून. ट्रेनर म्हणाले हे व्हिजन नाही सर, ही मागणी झाली. मग परत लिहिलं, सर्व पोरं आनंदानं शिकतील वगैरे, ते भिंतीला चिकटवलं. तशी जागा निघालीच कधी तर अक्कानं अर्ज करावा, तालुक्यात तिच्याएवढं सॅट्स कुणाला येत नाही, शिक्षण खात्याच्या तालुक्यातल्या बीआरसी केंद्रात सुद्धा.

तोपर्यंत जाणाऱ्यांनी काय करावं. सकाळी आठला जा, अक्का उघडते, सर्व्हर तेव्हा पळतो आणि शाळेला वेळेत पोचता. स्वतः समोर बसून लॉगिन करा, उठताना लॉगआउट झालंय का बघा, पोरांचे कागद स्कॅन केले असतील तर आपल्या मोबाईलला घेऊन तिथले डिलीट मारायला सांगा, रिसायकल बिनमधनं पण, अक्का हसते खरं करते. वहीत आपल्या शाळेचं पान असेल तर फाडून घ्या, मी घेतलं, तिनं स्वतः काढून दिलं. मराठी टायपिंग अक्का असतानाच. बिलावर शाळेचं नाव आणि तारीख तिथंच तपासा. आणि मे संपता संपता ते जूनच्या मध्यापर्यंत जाणार असाल तर डबा घेऊन जा, जाती-उत्पन्नाच्या दाखल्यांची रांग बाहेर रस्त्यापर्यंत येते आणि कॉलेज ॲडमिशनची पोरं मास्तर आहे म्हणून कुणाला पुढं सोडत नाहीत.